सहज फोटो बघायला

पुण्यात कुणी ‘या हो एकदा सहज’ म्हणालं तर घाबरायचं कारण नसतं. ते ‘एकदा’ कधी उगवत नाही. वरच्या मजल्यावरच्या काकांनी मात्र वार आणि वेळ दोन्ही सांगितले. शनिवारी, बरोबर सहाला, अमेरिकेचे फोटो. गुरुवार असता तर निदान वीज जायची आशा होती.

काका-काकू कॅलिफोर्नियाला मुलाकडे गेले होते आणि मे महिन्यात त्याच्या गाडीतून डोंगरातली राष्ट्रीय उद्यानं पालथी घालून आले : योसेमिटी, ग्रँड टीटन, यलोस्टोन. एकूण फोटो २,३४०. आम्ही पोचलो तेव्हा टीव्हीला पेनड्राइव्ह खोचलेला होता आणि समोर बशा मांडलेल्या. माणशी तीन बाकरवड्या. पहिलीचा तुकडा मोडला तर जिभेला काहीतरी गार लागलं. ओवा असेल, म्हटलं.

पहिला फोटो फाटकाचा. दुसराही फाटकाचाच, फक्त शेजारी काका उभे.

“टायोगा पास,” काका म्हणाले. “३,०३१ मीटर. बंद.”

काका बांधकाम खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना चालू रस्त्यापेक्षा बंद रस्त्यात जास्त गोडी. आपल्याकडे पाडवा झाला की वसंत आला. तिकडे वसंत म्हणजे घाटातला बर्फ उपसायचा मोसम. हा रस्ता उघडता उघडता मेअखेर, नाहीतर जून उजाडतो. घाट ओलांडून पलीकडे उतरायचा बेत होता, तो फसला आणि मंडळी लांबच्या वळशाने गेली. मी भिडेखातर विचारलं, “कडेला त्या उंच काठ्या कसल्या हो?” ही घोडचूक. बर्फ काढणाऱ्या गाडीला खाली रस्ता कुठे आहे ते कळावं म्हणून त्या रोवतात, हे एका वाक्यात संपलं असतं. पण काकांकडे काठीचे अकरा फोटो होते. मग फाटकाची कडी. मग बिजागरी, मोठी करून.

धबधबा आला तेव्हा बायकोने सुस्कारा टाकला. योसेमिटी फॉल्स खरोखरच देखणा होता. ७३९ मीटर उंच, आणि वरचा बर्फ वितळत असल्यामुळे मे महिन्यात अगदी भरात.

“ऑगस्टात गेलात तर जवळपास कोरडा,” काका म्हणाले. “आपल्या ठोसेघरचं बरोब्बर उलट.”

“पण ठोसेघरला कणीस मिळतं,” काकू म्हणाल्या, आणि त्या संध्याकाळी मला पटलेलं हे पहिलं वाक्य.

पुढचा फोटो तपकिरी लोखंडी पेटीचा. योसेमिटीत रात्री गाडीत खाण्याचं काही ठेवायचं नाही, अस्वलं काचा फोडून आत शिरतात. सगळं त्या पेटीत. खाणंच नव्हे, वास येणारं काहीही : साबण, टूथपेस्ट, बाम. पेटीची कडी अशी की माणसाची बोटं आत जातात, अस्वलाचा पंजा जात नाही. (कडीचे फोटो सहा.)

“मी सगळं एकाच पिशवीत कोंबलं,” काकू म्हणाल्या. “हिंगाची डबीसुद्धा. रात्रभर डोळ्याला डोळा नाही. म्हटलं, हिंगाच्या वासाने आलं म्हणजे?”

यलोस्टोन हे १८७२ सालचं, जगातलं पहिलं राष्ट्रीय उद्यान, हे काकांनी उभं राहून सांगितलं. तिथे बायसनपासून २३ मीटर आणि अस्वलापासून ९१ मीटर लांब राहायचा नियम आहे. लक्ष्मी रस्त्यावर उलट्या दिशेने स्कूटर घालणारे आमचे काका तिकडे मात्र ९१ मीटरांत अर्धं पाऊल कमी पडू देईनात. त्यामुळे पुढच्या दीडशे फोटोंत नुसती हिरवळ आणि ठिपके.

“तो ठिपका दिसतोय? अस्वल.”

“ओंडका आहे तो,” काकू.

“हलला होता.”

“तुमचा हात हलला होता.”

हा खटला वीस मिनिटं चालला. आम्हाला साक्षीला ओढलं. मी अस्वलाच्या बाजूने मत दिलं, बायकोने ओंडक्याच्या. शेजार टिकवायचा तर असं वाटून घ्यावं लागतं.

बायसनची तांबूस वासरं तेवढी जवळून दिसली, कारण कळप आपण होऊन रस्त्यावर आला होता आणि गाड्यांची रांग लागली होती. काकांनी हॉर्न वाजवा म्हणून सुचवलं होतं म्हणे. मुलाने ऐकलं नाही.

शेवटी ओल्ड फेथफुल. गरम पाण्याचं हे कारंजं साधारण दीड तासाने एकदा उसळतं. काकांनी वाट पाहण्याचाही व्हिडिओ काढला होता. आम्ही वाफेकडे बघत बसलो. “आता येईल हं.” आलं नाही. “आता.” अचानक गर्दी ओरडली आणि कॅमेरा गर्रकन वळून काकूंवर गेला. आवाज काकांचा : “अगं, डब्याचं झाकण लाव!” पुढची तीन मिनिटं पडद्यावर झाकण. मागे फसफस ऐकू येत होती.

साडेनऊला उठलो. काकूंनी हाताला धरून बसवलं. “प्लेटमध्ये ठेवू नका हं काही. एवढी अस्वलांपासून जपली, उरली म्हणून परत आणली. टाकायची कशाला?”

मी तिसऱ्या बाकरवडीकडे पाहिलं. सर्दी तशी मला दोन दिवस होतीच.