रद्दीत गेलेलं कपाट

आज वाचनालयातून तणतणत घरी आलेय. चहाही घेतला नाही, आधी हे लिहिते.

रहस्यकथांचं कपाट रिकामं केलंय. अर्नाळकरांचे झुंझार आणि काळापहाड, गुरुनाथ नाईकांचा कॅप्टन दीप, शिरवळकरांचा दारा बुलंद, हे सगळे नायक किलोच्या भावाने रद्दीत. विचारलं तर समितीतले एक सद्गृहस्थ म्हणतात, ‘ताई, दर्जेदार ग्रंथांना जागा नको का?’ अहो, त्या दर्जेदार ग्रंथांच्या मागच्या चिठ्ठ्या उघडून बघा की कधीतरी. कोऱ्या! आणि ज्यांना रद्दीत घातलंत, त्यांच्यात शिक्का मारायला जागा उरली नव्हती म्हणून चिठ्ठीवर चिठ्ठी डकवलेली असायची.

वर ‘टाइमपास वाचन’ म्हणे. टाइमपास करायला मोबाइल आहे ना. रहस्यकथा वाचताना माणूस राबतो.

आठवीच्या सुट्टीत आजोळी होते. आजोबांच्या कार्डावर एक खुनाची कादंबरी आणली, कव्हर कधीच गेलेलं. सुरुवातीलाच समासात पेन्सिलीने कुणीतरी लिहून ठेवलेलं : ‘खुनी डॉक्टर आहे.’ असा संताप झाला! पण पुस्तक खाली ठेववेना. उलट त्या डॉक्टरवर डोळा ठेवूनच वाचायला लागले. हा सारखे हात का धुतोय? वाड्यातलं कुत्रं याच्यावर भुंकलं कसं नाही? बिनसाखरेचा चहा का मागितला याने? लेखकाने सहज लिहिलेल्या ओळीसुद्धा मला विषारी वाटत होत्या. मराठीच्या तासाला एकाही धड्याची इतकी चिरफाड मी केलेली नाही.

‘शेवट कळला की संपलं’ म्हणणाऱ्यांची मला कीव येते. फोर्सिथची ‘द डे ऑफ द जॅकल’ १९७१ साली आली. फ्रान्सचे राष्ट्राध्यक्ष द गॉल यांना मारायला भाड्याचा मारेकरी निघालाय. आणि द गॉल तर १९७० मध्ये आपल्या घरी वारलेले, जगाला माहीत. म्हणजे डाव फसणार हे पुस्तक हातात घेण्याआधीच ठाऊक. तरी तो इसम मेलेल्या मुलाच्या नावाने पासपोर्ट काढतो, बंदूक बनवून घेतो, तेव्हा तळहाताला घाम सुटतोच. इतकंच नाही, आपल्याला चोरून वाटत असतं की याचं काम व्हावं! एका खुन्याची काळजी करायला लावणारं लिखाण हलकं असतं होय?

बरं, सगळंच सोनं नव्हतं. अर्नाळकरांनी हजाराच्या वर पुस्तकं लिहिली, ती सगळी सारखी कशी उतरतील? आणि बायका बहुतेक किंचाळायला नाहीतर भुरळ घालायलाच असायच्या. मान्य. पुढे.

तर तो डॉक्टर. कादंबरी निम्मी उलटल्यावर त्याचाच मुडदा विहिरीत सापडला. मी अशी ओरडले की आजी हातातलं पीठ तसंच घेऊन माजघरात आली. पेन्सिलवाला धडधडीत खोटं बोलला होता! म्हणजे आता लेखकावर संशय, पात्रांवर संशय आणि माझ्याआधी पुस्तक नेलेल्या अनोळखी माणसावरही संशय. त्या रात्री आजोबांनी दोनदा दिवा बंद केला आणि मी दोनदा लावला.

माझा पक्का संशय ग्रंथपाल काकांवर आहे. रजिस्टरमधला त्यांचा ‘ड’ अगदी तसाच होता, पोटाला गाठ मारलेला. पुस्तक परत देताना त्यांनी चष्म्यावरून बघत विचारलं, ‘काय, सापडला का खुनी?’ आणि लगेच दुसरं पुढे सरकवलं. महिना सात-आठ रुपये वर्गणी भरणाऱ्या पोरीसाठी कोण करतं हो एवढं? आजच्या समितीत त्यांच्यासारखं कुणी असतं तर... जाऊ दे. ते सद्गृहस्थही वाईट नसतील, जागेची अडचण खरीच असेल. पण मग निदान आम्हा सभासदांना एक फोन करायचा होता. टेम्पो घेऊन आले असते!

उद्या सकाळी रद्दीवाल्याकडे जातेय, पोती अजून फोडली नसतील तर. कुणाला यायचं असेल तर कमेंटमध्ये सांगा. आणि घरच्या माळ्यावर असली पुस्तकं पडली असतील तर टाकू नका, मी येऊन घेऊन जाईन. कव्हर नसलेली चालतील, वाळवीने खाल्लेली चालतील. पेन्सिलीने काही लिहिलेलं असेल तर खोडू नका.