अंगातली रग, पायाखालची रग

थंडीच्या दिवसांत पहाटे पलंगावरून खाली टाकलेलं पहिलं पाऊल ही माणसाची खरी परीक्षा असते. मी त्या परीक्षेत दर वर्षी नापास होते. अंगठा फरशीला टेकला रे टेकला की माझ्या तोंडून असा काही आवाज निघतो, की शेजारच्या खोलीतून बाबा ओरडून विचारतात, "काय गं, पाल का?"

अशाच एका पहाटे पाय परत पांघरुणात ओढून मी फोन हातात घेतला आणि तिथेच घात झाला. फोनवर एका दिवाणखान्याचा फोटो होता. जमिनीवर एक मोठी, मातकट रंगाची रग. तिच्यावर जरा तिरकी टाकलेली दुसरी, लालभडक, लवदार रग. खिडकीतून कोवळं ऊन येतंय आणि त्या उन्हात एक मांजर झोपलंय. खाली लिहिलं होतं की असे थर दिले की घराला ऊबही येते आणि रूपही. त्या अख्ख्या फोटोत माणूस नावाला नव्हता. मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

मी घरात विषय काढला. बाबांचा पहिला प्रश्न, "रग पायाखाली? रग अंगावर घेतात." त्यांच्या लेखी रग म्हणजे ती जाड, टोचणारी, करड्या रंगाची, त्यांनी आयुष्यभर पांघरलेली. दुसरा प्रश्न जास्त घातक होता. "आणि एकावर एक कशाला? खालची चांगली नाही का?" हा प्रश्न पुढे घरी आलेल्या प्रत्येक माणसाने मला विचारला. कुरिअरवाल्याने सुद्धा.

नवऱ्याचा आक्षेप शास्त्रीय होता. त्याने भिंतीवरचं थर्मामीटर काढून अर्धा तास फरशीवर आणि अर्धा तास घरातल्या एकुलत्या एक गालिच्यावर ठेवलं. दोन्हीकडे १९ अंश. "बघ, फरशी गार नाहीच आहे. तुझा पाय गरम आहे." खरंय ते. फरशी पायातली ऊब भराभर ओढून घेते, सावकारासारखी, म्हणून ती गार लागते. लोकरीच्या तंतूंत हवा अडकून बसलेली असते आणि ती उष्णता पुढे सरकवायचं नावच घेत नाही, म्हणून तिच्यावर ऊब पायाशीच राहते. मी म्हटलं, "मग दोन थर टाकले की हवा दुप्पट अडकेल." तो गप्प झाला. लग्नाला चौदा वर्षं झाली, भौतिकशास्त्रात मी त्याला पहिल्यांदाच गप्प केलं. त्या आनंदात मी दोन रगा मागवून मोकळी झाले.

हे असं अंगात रग असताना होतं.

या थरांचे नियम असतात. वरची रग खालचीच्या साधारण दोन तृतीयांश हवी. चारी बाजूंनी खालची ३० ते ४५ सेंटीमीटर तरी दिसायला हवी, नाहीतर बघणाऱ्याला वाटतं की माप चुकलं आणि आता ही बाई चूक झाकतेय. सोफ्याचे पुढचे पाय खालच्या रगेवर हवेत. खाली पातळ, घट्ट विणीची. वर जाड, लवदार. शेवटचा नियम मी वाचला तेव्हा उशीर झाला होता. आमचा जुना गालिचा जाड होता, तो जागेवरून हलवायचा कंटाळा म्हणून तोच खाली राहिला आणि मागवलेल्या रगा येईपर्यंत त्याच्यावर मी एक नवी पातळ सतरंजी अंथरली.

दिसायला सुरेख दिसलं. मी फोटो काढला. मांजर नव्हतं म्हणून मुलीला झोपवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी सतरंजी जिथे ठेवली होती तिथे नव्हती. चार बोटं बाल्कनीकडे सरकली होती. मी ती परत ओढली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच. मी आधी नवऱ्यावर, मग मुलीवर संशय घेतला. बाबांवर घ्यायचं धाडस झालं नाही. शेवटी जमिनीवर पालथी पडून बघितलं तेव्हा उलगडा झाला. गालिच्याची लव सरळ उभी नसते, एका अंगाला झुकलेली असते. तिच्यावरून हात फिरवा. एका दिशेने मऊ मऊ, उलट्या दिशेने तीच खरखरीत, आणि रंगसुद्धा एकीकडून फिका, दुसरीकडून गडद. आपण वर पाऊल टाकलं की सतरंजी त्या झुकावाबरोबर केसभर पुढे जाते आणि मागे यायला लव तिला वाटच देत नाही. आमच्या गालिच्याची लव बाल्कनीकडे झुकलेली होती. चार माणसं दिवसभर चालत होती आणि सतरंजी इमाने इतबारे निघाली होती.

मुलीला यात भलताच रस आला. तिने मला सतरंजी जागेवर ओढायची बंदी केली आणि गालिच्यावर चिकटपट्टीचे तुकडे लावून रोज तारीख टाकायला सुरुवात केली. सहाव्या दिवशी तिने त्रैराशिक मांडून जाहीर केलं की सतरंजी महिनाअखेर बाल्कनीच्या दाराला टेकेल. "मग दार उघडं ठेवायचं का, आई?"

त्यातच चालताना पाय रुतायचा, वरचं सरकायचं आणि तोल सावरताना पोटऱ्यांना रग लागायची. एका शब्दाचे इतके अर्थ एका आठवड्यात भोगायला मिळतील असं वाटलं नव्हतं.

मग रगा आल्यावर सगळं उचकटून नियमाप्रमाणे केलं. खाली तागाची मोठी रग, वर लवदार लाल. तागाची रग फरशीवर घसरते म्हणून तिच्याखाली रबरी जाळी. लाल रग तागावर घसरते म्हणून मध्ये अजून एक जाळी. नवऱ्याने पट्टी लावून मोजलं: ३ मिलिमीटर जाळी, ८ मिलिमीटर ताग, २ मिलिमीटर दुसरी जाळी, १५ मिलिमीटर लोकर. एकूण २८. त्याच्या चेहऱ्यावरचा आनंद मला आवडला नाही. त्याने पट्टी तशीच उचलली आणि दिवाणखान्याच्या दाराखालची फट मोजली. १० मिलिमीटर. दाराखाली येत होती फक्त जाळी आणि ताग, म्हणजे ११.

एक मिलिमीटर! त्या एका मिलिमीटरपायी आमचं दार पंधरा दिवस अर्धंच उघडत होतं. आम्ही एकेक जण खेकड्यासारखे आडवे होऊन आत यायचो. मिस्त्रीला बोलावलं. त्याने दार बघितलं, रग बघितली, वरची रग बघितली. "दार तासू का, ताई?" त्याने विचारलं, आणि रंधा काढता काढता हळूच, "पण खालची चांगली नाही का?"

बाबा या सगळ्याकडे शांतपणे बघत होते. त्यांची चाल पाय घासत चालण्याची. पहिले दोन दिवस ते रगेपाशी येऊन थांबायचे, पायरी चढावी तसा पाय उचलायचे, मग तागावरून लोकरीवर चढताना पुन्हा उचलायचे. "उंबऱ्याला ठेच लागते म्हणून तू घरातले उंबरे काढलेस," ते म्हणाले, "आणि आता बैठकीत दोन बांधलेस." यावर मी हसले खरी, पण रात्री झोप लागेना. म्हाताऱ्या माणसाला सैल कड म्हणजे सापळाच. सकाळी उठून मी सगळ्या कडा दोन्ही बाजूंनी चिकटणाऱ्या पट्टीने दाबून टाकल्या आणि बाबांचा जायचा-यायचा रस्ता पूर्ण मोकळा केला, नियम गेले खड्ड्यात. गुंडाळून आलेल्या रगेचे कोपरे मात्र कुत्र्याच्या कानांसारखे उभेच. ती उलटी गुंडाळून एक रात्र ठेवली, मग कोपऱ्यांवर जाड शब्दकोशाचे चार खंड ठेवले. घेतल्यापासून शब्दकोशाचा इतका उपयोग पहिल्यांदाच झाला.

साफसफाईबद्दल त्या फोटोखाली एक अक्षर नव्हतं. नवी लोकर काही महिने गळत राहते. आमच्याकडे कपडे, कुशन, केस, सगळ्यांवर लाल भुरभुर. व्हॅक्युम क्लीनर फिरवला तर त्याने झालर गिळली, आणि आतल्या ब्रशाभोवती गुंडाळलेले गोंडे कात्रीने सोडवायला मला एक अख्खा रविवार लागला. तागाची पूड जाळीतून गळून खाली फरशीवर बसते. वरून बघितलं तर सगळं लख्ख.

आणि पाणी. मुलीने ग्लास सांडला तो नेमका दोन रगांच्या सीमेवर. लोकर बरीच ओल पोटात घेऊन वरून कोरड्यासारखी वागते, पण तागाला पाणी सोसत नाही. वाळताना त्यावर तपकिरी डाग उमटतात आणि ते पाहुण्यांसारखे मुक्कामालाच येतात. त्यामुळे ग्लास आडवा झाला की घरात "उचला!" अशी आरोळी. सोफा मागे, शब्दकोश बाजूला, पट्ट्या सोलून काढायच्या, वरची रग, जाळी, खालची रग, जाळी. आयुष्यभर सतरंज्या उचलणाऱ्या कार्यकर्त्यांची आपण चेष्टा करतो. मी आता करणार नाही. निदान त्यांची सभा तरी संपलेली असते.

वाळायला टाकलेल्या रगेभोवती बसून मी मुलीला पाझिरिकच्या गालिच्याची गोष्ट सांगितली. सैबेरियाच्या अल्ताई पर्वतातल्या एका थडग्यात पाणी शिरलं, गोठलं आणि त्या बर्फात एक गालिचा साधारण चोवीसशे वर्षं जसाच्या तसा राहिला. रशियन पुरातत्त्वज्ञ सर्गेई रुडेन्को यांना तो १९४९ मध्ये सापडला. तळहाताएवढ्या जागेत, म्हणजे एका चौरस डेसिमीटरमध्ये, सुमारे ३६०० गाठी. हे ऐकताच ती आमच्या लाल रगेच्या गाठी मोजायला धावली आणि पालथं करून बघते तर मागे नुसतं जाड कापड. गाठ एकही नाही. धागे टोचून, मागून लेटेक्स, म्हणजे रबरी चीक, फासून वर कापड डकवलेलं.

"म्हणजे आपल्या रगेत गाठच नाही?"

"नाही. नुसता चिकटपणा," नवरा म्हणाला आणि उगाचच माझ्याकडे बघितलं.

पण खोटं कशाला बोलू, महिन्याभराने घरात काहीतरी बदललं. दिवाणखान्यात आवाज घुमायचा तो बसला. संध्याकाळी सोफा रिकामा असतो आणि सगळे खाली, लाल रगेवर. मुलगी पोटावर पडून अभ्यास करते, नवरा सोफ्याला पाठ टेकून पाय पसरतो. परवा तर बाबा खुर्ची कडेला लावून घेऊन, मोजे काढून, दोन्ही तळवे लवेवर ठेवून बसले होते. मला बघून म्हणाले, "खालची पण चांगलीच आहे म्हणायची."

त्या रात्री मी विजयी मुद्रेने झोपले. पहाटे जाग आली, पांघरूण बाजूला सारलं, पाय खाली टाकला आणि नेहमीचा आवाज निघाला.

दोन रगा, दोन जाळ्या, तासलेलं दार, सगळं दिवाणखान्यात होतं. पलंगाशी फरशीच होती. हे एवढ्या दिवसांत कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं, माझ्याही नाही.

"पाल का गं?" पलीकडून बाबा.

"नाही हो बाबा. फरशी."

पलीकडे बराच वेळ शांतता. दुसऱ्या दिवशी पहाटे मी दात-ओठ आवळून पाय खाली टाकला तर तो कशावर तरी जाड, टोचऱ्या, उबदार गोष्टीवर पडला. मी वाकून बघितलं. बाबांची जुनी करडी रग, चौघडी करून ठेवलेली. एकावर एक चार थर, कडेला कड इतकी नेमकी जुळलेली की खालचा थर कुठून सुतभरही दिसत नव्हता. सगळे नियम मोडलेले.

मी दुसराही पाय ठेवला.