दोन सूत, दोन सूत!

आज सकाळी दूध खिडकीच्या गजांतून घेतलं. पातेलं तिरकं धरून, अर्धं दूध भिंतीवर. कारण पुढचं दार उघडेचना! सागवानी आहे हो, 45,000 मोजलेत. पण रत्नागिरीतला जुलै लागला की चौकटीत असं रुतून बसतं, जणू माझाच राग आलाय त्याला.

सुतार आला. नीट बघितलंही नाही, थेट रंधा काढला. "फुगलंय, दोन सूत उतरवतो." म्हणजे पाव इंच. अरे बाबा, गेल्या पावसाळ्यातही दोन सूतच उतरवलंस ना? मग मे महिन्यात लाकूड आकसलं आणि त्या फटीतून पाली ये-जा करायला लागल्या, तेव्हा कुठे होतास? वर रंधा मारलेली कड तशीच कोरी सोडलीस. पाणी प्यायला आणखी एक तोंड उघडून दिलंस. आज परत पाठवला त्याला.

आणि तो पॉलिशवाला! घरातल्या फर्निचरचं मेलामाइन त्याने बाहेरच्या दाराला फासलं. पहिले चार महिने आरसा. मग पश्चिमेच्या उन्हाने पापुद्रे सुटले, आत पाणी शिरलं, लाकूड काळं पडलं. परवा मोबाइल दाराखाली सरकवून फोटो काढला. खालच्या कडेला ब्रशचा स्पर्शसुद्धा नाही! उभ्या पट्ट्यांच्या रेषांची, म्हणजे लाकडाच्या तंतूंची, टोकं तिथेच उघडी असतात, लाकूड सगळ्यात भराभर पाणी ओढतं ते तिथूनच. तर हा म्हणतो, "तिथे कोण वाकून बघतंय?" पाऊस बघतो रे मेल्या!

आता माझंही सांगतो. नवीन घराला पडवी नको म्हणणारा मीच. एलेव्हेशन हवं होतं ना, समोरून घर झोकात दिसायला! आजोबांच्या घरात दार पडवीच्या आत, वर कौलांचा उतार खाली आलेला, पावसाआधी माडाच्या झापांच्या झडी, म्हणजे आडोसे, बांधलेल्या, आणि दाराला काजूच्या टरफलांचं तेल. ते दार चुलत्यांकडे आजही एका बोटाने उघडतं. माझ्या दारावर मात्र पावसाची झड थेट तोंडावर.

रंगाचा दुकानदार म्हणतो, आत्ताच एक हात मारा. ओल्या लाकडावर? आतलं पाणी आतच कोंडायला? दिवाळीनंतर लाकूड सुकलं की दार बिजागऱ्यांवरून उतरवून वरची-खालची कड मी स्वतः रंगवणार. तोवर पाहुण्यांनो, मागून या. मागचं दार पत्र्याचं आहे, निमूट उघडतं.