टायरला कानस घालण्याआधी विचारायला काय जातं?

मी “थांबा” म्हणेपर्यंत पंक्चरवाल्याने माझ्या मोटरसायकलच्या टायरमध्ये कानस घातलीसुद्धा. टायर रिमवरच, स्क्रू पकडीने उपटला, आणि भोकात ती काटेरी कानस घालून अंगातलं सगळं बळ लावून पिळायला सुरुवात. मागचा टायर, माप १८०/५५, सतरा इंची, ट्रॅकसाठी बनवलेलं मऊ कंपाउंड. नखाने दाबलं तरी खूण उमटते असलं रबर. आणि स्क्रू केवढा? फर्निचरला मारतात तसला बारीक, चार मिलिमीटरसुद्धा नसेल. ट्रेडच्या, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या पट्ट्याच्या मधोमध, सरळ घुसलेला. साइडवॉलपासून, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीपासून लांब. म्हणजे दुरुस्त होण्यासारखं पंक्चर असतं ते हेच. अशा भोकाचं त्याने दोन मिनिटांत भगदाड केलं.

दुकानात शिरतानाच मी सांगितलं होतं, भाऊ, टायर उतरवा, आतून मशरूम, म्हणजे दांड्याचा पॅच लावायचाय. मान डोलावली. मग कानस कशाला उचलली? माझ्या टायरच्या पोटात पोलादी तार गुंडाळलेली आहे. कानस ती तार तोडते, तुटलेल्या टोकांपर्यंत पाणी पोचतं, गंज धरतो आणि आतल्या आत थर सुटायला लागतात. बाहेरून काही दिसत नाही. म्हणून तर टायर उतरवून आत बघायचं असतं. अर्धवट हवेवर गाडी चालवत आणली असेल तर साइडवॉल आतून चुरगळलेली असते, रबराचा भुगा पडलेला असतो. तो पाहिल्याशिवाय पंक्चर काढायचं की टायर फेकायचा, हे कोण ठरवणार? मग भोक साफ करायचं, आतला थर घासायचा, सोल्यूशन लावायचं आणि ते वाळू द्यायचं. वाळू द्यायचं! ओल्यावरच पॅच थापणारे मी किती पाहिले. मग मशरूमचा दांडा बाहेर ओढून घ्यायचा, आतून रोलर फिरवायचा. अर्ध्या तासाचं काम आहे आणि त्याचे पाचपट पैसे द्यायला मी तयार होतो.

तर हा भोकात खुपसायची चिकट वात दाखवत म्हणतो, “दादा, ट्रकला पण हीच लावतो, काही होत नाही.”

माझं डोकं फिरलं ते इथे. काही होत नाही म्हणजे काय? ट्रक वळणावर दुचाकीसारखा झुकतो का? दुचाकी झुकली की तळहाताएवढ्या रबरावर माणसाचा जीव असतो. ती चिकट वात त्या रबरात नुसती खुपसलेली असते, आतून तिला धरायला काही नसतं. वेग वाढला की चाक तिला बाहेर फेकायला बघतं, आणि मऊ रबर गरम झालं की तिची पकड आणखी सैल होते. मागच्या टायरची हवा वळणात एकदम गेली तर चालवणाऱ्याच्या हातात काय उरतं? हे सगळं मी बोलतोय आणि तो तिकडे वात कापून, वर बोटाने थुंकी लावून, बुडबुडा येत नाही हे मला कौतुकाने दाखवतोय. बुडबुडा आज येत नाही! मला कसाऱ्याच्या घाटातलं विचारायचंय!

पंक्चर काढलेला टायर ट्रॅकवर न्यायचा नसतो, हे मला चांगलं माहीत आहे. मी तो नेणारही नव्हतो. आतून नीट पॅच बसला असता तर त्र्यंबक रोडला, गिरणाऱ्याच्या बाजूला शांतपणे चालवून उरलेलं रबर संपवलं असतं. आता तेही गेलं.

पुढच्या दुकानात गेलो. काचेचं दार, एसी, भिंतीवर रेसच्या गाड्यांची पोस्टर. “रेसिंग टायरला आम्ही हात लावत नाही, नवीन घ्या.” बरं, निदान उतरवून आत दाखवा म्हटलं, तर पोराने टायर उचकटायला सरळ लोखंडी टॉमी घातली. अलॉयच्या रिमवर! ना प्लास्टिकचं कव्हर, ना खाली फडकं. रिमच्या कडेला चरा पडला तो पडलाच. आणि मालक मला समजावतोय की सॉफ्ट म्हणजे हलकं रबर, लवकर झिजतं, कंपनी फसवते. अहो, ते झिजण्यासाठीच केलेलं आहे! मऊ आहे म्हणून तर रस्ता धरतं! तुम्ही पोस्टर कसली लावलीत भिंतीवर?

मागच्या वर्षी असल्याच एका चकाचक दुकानाने फिरण्याची दिशा दाखवणारा बाण उलटा ठेवून टायर चढवला होता. त्याआधी एकाने नवा म्हणून दिलेल्या टायरवर २३१९ असा आकडा. म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. मऊ कंपाउंड वर्षानुवर्षं गोदामात पडलं की कडक होतं, आणि किंमत मात्र ताज्या मालाची. हवेचं तर बोलूच नका. मी ३६ सांगतो, हा ५० भरतो, कारण “गाडी मोठी आहे”. आणि व्हॉल्व्हचं टोपण! नाशिकमधल्या एकाही माणसाने हवा भरून ते परत बसवलेलं मला आठवत नाही. कुठे जातात ती टोपणं?

स्क्रू आला कुठून, तेही मला माहीत आहे. सातपूर-अंबड लिंक रोडने जाऊन बघा. भंगाराचे टेम्पो उघडे पळतात, वर ताडपत्री नाही, मागे खिळे, पत्र्याचे तुकडे, लेथचा कीस सांडत जातात. त्यात सिंहस्थाच्या कामांसाठी रस्ते उकरलेले, खडी बाजूला पडून. गरम मऊ रबर हे सगळं उचलतं. दंड कधी कुणाला झाला? आमच्या सोसायटीतले काका मात्र मलाच विचारतात, “एवढा महाग टायर, पंक्चर होतोच कसा?” काका, खिळ्याला किंमत कळत नाही.

ट्रॅकवर जायचं तर चेन्नई नाहीतर कोइम्बतूर गाठावं लागतं, तेही मी तक्रार न करता करतो. पण ज्या शहरात दोन-दोन एमआयडीसी आहेत, दर रविवारी पहाटे मोठ्या गाड्यांची रांग लागते, तिथे टायर रिमवरून उतरवून आतून पॅच लावणारा एक माणूस मिळू नये? मुंबईहून नवा टायर येईपर्यंत गाडी उभी आहे. पंचवटी, सिडको, नाशिकरोड, आडगाव, कुठेही असा कारागीर असेल तर पत्ता सांगा. टॉमी न लावता रिम हाताळणारा हवा. आणि कानस त्याच्या दुकानात नसलेलीच बरी.