टॉवर नाही म्हणजे नियम नाहीत?

पुण्यातल्या सोसायट्यांच्या ग्रुपांवर सध्या एक लांबलचक मेसेज फिरतोय. खाली सही 'एक जागरूक नागरिक'. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: लहान विमानतळांवर कंट्रोल टॉवर नसतो, म्हणून तिथे कसलाच नियम नसतो. सिग्नल बंद पडलेल्या चौकासारखा कारभार, ज्याने आधी घुसवलं त्याचा रस्ता. वैमानिक वाटेल त्या बाजूने उतरतात. टॉवर असता तर टक्कर होऊच शकली नसती. एक इंजिनाचं विमान इंजिन बंद पडलं की दगडासारखं खाली येतं. वर शिकाऊ पोरांना एकटं सोडतात. सबब, ही विमानतळं बंद करा.

हा मेसेज इथे सहज खपतो, कारण पुणेकराच्या डोळ्यासमोरचं विमानतळ म्हणजे लोहगाव. तो वायुदलाचा तळ. आपण ज्या विमानाने दिल्लीहून येतो त्यालाही उतरायची परवानगी वायुदलाचाच नियंत्रक देतो. मग जिथे परवानगी देणारा कोणी नाही, तिथे सगळा सावळा गोंधळ असणार, असं वाटणं स्वाभाविक आहे. वाटणं स्वाभाविक असलं तरी ते चूक आहे.

आधी चौकाचं बघू. अमेरिकेत लोकांसाठी खुली असलेली जवळपास ५,००० विमानतळं आहेत, त्यातली बरीचशी नगरपालिकांच्या किंवा काउंटीच्या (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) मालकीची. टॉवर असतो तो ढोबळमानाने त्यातल्या ५००च्या आसपास. बाकी ठिकाणी विमानं रोज चढतात, उतरतात, ती लिहून ठेवलेल्या नियमांवर. उतरण्याच्या शेवटच्या टप्प्यात असलेल्या विमानाला हवेतल्या आणि जमिनीवरच्या इतर सगळ्यांच्या आधी हक्क. दोघं उतरायला आले तर जो खाली आहे तो आधी, पण या नियमाचा फायदा घेऊन दुसऱ्याच्या पुढे घुसायचं नाही, हेही त्याच नियमात लिहिलंय. (चौकातल्या घुसखोरीचा विचार नियम लिहिणाऱ्यांनीही केला होता म्हणायचा.) समोरासमोर आले तर दोघांनी उजवीकडे वळायचं. वाटा एकमेकींना छेदत असतील तर ज्याच्या उजव्या हाताला दुसरं विमान दिसतंय त्याने वाट द्यायची. इंजिनाच्या विमानाने ग्लायडरला (बिनइंजिनाच्या विमानाला) वाट द्यायची, ग्लायडरने बलूनला. ज्याच्यावर संकट आलंय त्याला सगळ्यांनीच. हे नियम अमेरिकेपुरते नाहीत. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या दुसऱ्या परिशिष्टात ते आहेत आणि आपल्याकडेही तेच चालतात. टॉवर नसला की ते गळून पडत नाहीत, उलट तेव्हाच त्यांची खरी गरज असते.

आता 'वाटेल त्या बाजूने उतरतात' हे. कुठल्या टोकाकडून उतरायचं ते वारा ठरवतो. विमान वाऱ्याला तोंड देऊन उतरतं, म्हणजे जमिनीच्या हिशेबाने वेग कमी राहतो आणि धावपट्टी कमी लागते. लोहगावच्या धावपट्टीच्या टोकांना १० आणि २८ हे आकडे आहेत. चुंबकीय दिशा साधारण १०० अंश आणि २८० अंश, शेवटचं शून्य काढून टाकलं की झाला नंबर. पावसाळ्यात पश्चिमेचा वारा असतो तेव्हा विमानं वाघोलीच्या बाजूने येऊन २८वर उतरतात ती याच कारणाने. लहान विमानतळावर हे सांगायला माणूस नसेल, पण काठीवर लावलेली कापडी नळी असते. विंडसॉक. ती फुगून ज्या दिशेला लोंबते तिच्या उलट दिशेने वारा येतोय, एवढं समजायला कोणाची परवानगी लागत नाही.

मग धावपट्टीभोवतीची वाट. तिला सर्किट म्हणतात. जमिनीपासून साधारण १,००० फुटांवर, धावपट्टीला समांतर पण उलट दिशेने जायचं (हा डाउनविंड), मग काटकोनात वळायचं (बेस), पुन्हा वळून धावपट्टीच्या रेषेत यायचं (फायनल). वेगळं काही जाहीर केलेलं नसेल तर सगळी वळणं डावीकडे. कारण साधं आहे: मुख्य वैमानिक डाव्या खुर्चीत बसतो, डावीकडे वळताना धावपट्टी त्याच्या खिडकीतून दिसत राहते. सगळे एकाच वाटेने, एकाच उंचीवरून आले तर दुसरं विमान कुठे शोधायचं हे आधीच माहीत असतं. ज्याने अनोळखी आकाशात समोरून येणारं विमान शोधायचा प्रयत्न केलाय, त्याला याची किंमत कळेल. समोरून येणारं विमान खिडकीत हलत नाही, फक्त मोठं होत जातं, आणि न हलणारी गोष्ट डोळ्याला पटकन सापडत नाही.

रेडिओवर बोलण्याचीही रीत आहे. अमेरिकेत टॉवर नसलेल्या विमानतळासाठी एक सामाईक फ्रिक्वेन्सी ठरलेली असते. येणाऱ्याने साधारण दहा मैलांवरूनच बोलायला सुरुवात करायची. आधी विमानतळाचं नाव, मग मी कोण, कुठे, काय करणार, कोणत्या धावपट्टीवर, आणि शेवटी पुन्हा विमानतळाचं नाव. दोनदा नाव घेणं ही हौस नाही. तीच फ्रिक्वेन्सी आसपासची दोन-तीन विमानतळं वापरत असतात आणि पहिला शब्द अनेकदा खरखरीत बुडतो.

मेसेजमधला सगळ्यात वजनदार मुद्दा टकरीचा. १९९६च्या नोव्हेंबरात एका आठवड्याच्या अंतराने दोन टकरी झाल्या. १२ तारखेला हरियाणात चरखी दादरीवर सौदी बोइंग ७४७ आणि कझाक इल्युशिन ७६ एकमेकांवर आदळली, ३४९ माणसं गेली. दोन्ही विमानं दिल्लीच्या नियंत्रणाखाली होती. नियंत्रकाने एकाला १४,००० फूट दिले होते, दुसऱ्याला १५,०००. दुसरं दिलेल्या उंचीच्या खाली आलं. टॉवर होता, रडार होतं, सूचना बरोबर होती.

१९ तारखेला अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या क्विन्सीच्या विमानतळावर दुसरी. इथे टॉवर नव्हता, म्हणजे मेसेजवाल्याला हवं तसंच उदाहरण. प्रवासी घेऊन येणारं बीच १९०० जातीचं एक विमान उतरत होतं. एकमेकींना छेदणाऱ्या धावपट्ट्यांपैकी दुसरीच्या टोकाशी किंग एअर जातीचं एक विमान उभं होतं, त्याच्या मागे चेरोकी जातीचं एक छोटं विमान. बीचच्या वैमानिकांनी आपण कुठे आहोत ते वेळोवेळी सांगितलं. किंग एअर थांबणार की निघणार, असंही विचारलं. उत्तर दिलं ते मागच्या चेरोकीच्या वैमानिकाने, आणि त्यातले काही शब्द बीचच्याच कॉकपिटमधल्या, उंची बोलून सांगणाऱ्या यंत्राच्या आवाजाखाली गेले. किंग एअर थांबतंय, अशी त्यांची समजूत झाली. किंग एअर सुटलं. दोन्ही धावपट्ट्या जिथे छेदतात तिथे टक्कर झाली, १४ जण गेले. तपासात मुख्य ठपका किंग एअरच्या वैमानिकांवर आला: त्यांनी फ्रिक्वेन्सी ऐकली नाही, बाहेर पाहिलं नाही. उतरणाऱ्याला आधी हक्क हा नियम होताच, तो मोडला गेला.

पण इथे मेसेजला थोडं श्रेय द्यायला हवं. क्विन्सीला टॉवर असता तर ती टक्कर बहुधा टळली असती, हे मी नाकारणार नाही. डोळ्यांनी बघून टाळण्याच्या पद्धतीला मर्यादा आहेत. शिकाऊ विमानं आणि वेगवान जेट एकाच धावपट्टीवर येऊ लागली की त्या मर्यादा लवकर गाठल्या जातात. गर्दी वाढली की टॉवर मागावा, जरूर मागावा. 'टॉवर असता तर टक्कर होऊच शकली नसती' हे मात्र चरखी दादरीनंतर कुठल्याही भारतीयाने लिहू नये.

दगडासारखं पडण्याबद्दल बोलायला पुण्याइतकी चांगली जागा नाही. हडपसरला केंद्र सरकारचं ग्लायडिंग सेंटर आहे. तिथे विंचने (जमिनीवरच्या, दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने) ओढून वर सोडलेलं ग्लायडर दर वेळी इंजिनाशिवायच उतरतं. सेस्ना १७२सारखं चार आसनी विमान इंजिन बंद पडल्यावर एक फूट खाली येताना साधारण नऊ फूट पुढे जातं. सर्किटच्या १,००० फुटांवरून हिशेब केला तर पावणेतीन किलोमीटरच्या आसपास. इंजिन बंद पडणं धोक्याचं नाही असं नाही. उड्डाण केल्याकेल्या, दोन-तीनशे फुटांवर बंद पडलं तर मागे वळून धावपट्टी गाठायचा मोह जिवावर बेततो, म्हणून समोरच जागा शोधून उतरायला शिकवतात. पण तेव्हाही ते विमानच असतं. ग्लायडरला आधी वाट का, तेही यातूनच कळतं. त्याला पुन्हा वर जाऊन दुसरी फेरी मारता येत नाही.

शिकाऊ पोरांचा मुद्दा दोन ओळींचा. प्रशिक्षकाने तपासून मंजुरी दिल्याशिवाय कोणी एकटं उडत नाही, आणि एकटं उडणाऱ्या शिकाऊला प्रवासी नेता येत नाही. एकटं उडाल्याशिवाय वैमानिक होताही येत नाही. दिल्लीच्या विमानात पुढे बसणाऱ्यांनीही कधीतरी ते केलेलंच असतं.

राहिला शेवटचा, बंद करण्याचा. मेसेजमध्ये एक गोष्ट कुठेच नाही, ती म्हणजे कुंपणाबाहेरचे आपण. १९३७च्या विमान नियमांतला ९१वा नियम विमानतळाच्या दहा किलोमीटरच्या परिघात उघड्यावर कचरा टाकायला आणि जनावरं कापायला मनाई करतो, कारण तिथे घारी येतात आणि घार इंजिनात किंवा काचेवर येते. कचऱ्याच्या बाबतीत पुण्याने कोणाला काही शिकवावं अशी परिस्थिती नाही. लग्नात ड्रोन उडवताना विमानतळ किती जवळ आहे ते किती जण बघतात? वाढवलेल्या मजल्यासाठी उंचीचा ना हरकत दाखला किती जण विचारतात? हे नियम टॉवर असलेल्या लोहगावलाही लागू आहेत, आणि मेसेज पुढे ढकलणारे बहुतेक जण त्याच परिघात राहतात.

आणि काही मागायचंच असेल तर क्विन्सीच्या अहवालातलं पुढचं पान वाचावं. बीचमधली माणसं धडकेतून वाचली होती. मदतीला धावलेल्यांना दार उघडता आलं नाही, विमानतळावर अग्निशमनाची तुकडी हजर नव्हती, बंब शहरातून येईपर्यंत आग पसरली. तेव्हा आपल्या जवळच्या लहान विमानतळाबद्दल पत्र लिहायचं तर हे विचारावं: प्रवासी विमान येतं तेव्हा बंब आणि माणसं जागेवर असतात का, कुंपण कुत्री आत शिरू नयेत इतकं धड आहे का, विंडसॉक फाटलेला तर नाही, आणि फ्रिक्वेन्सीवर सगळे बोलतात का.