‘चार सर्व्हरसाठी एवढा खटाटोप?’ : फायरवॉलच्या पोस्टवरील प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, फायरवॉलचे (सर्व्हरवर कोणाला येऊ द्यायचं ते ठरवणारी यंत्रणा) नियम हातानं न लिहिता कोडनं लावा, असं मी मागच्या पोस्टमध्ये म्हटलं होतं. त्यावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा वही काढली. इतरांसाठी तुमचं म्हणणं थोडक्यात: चार सर्व्हर आणि पंचवीस-तीस नियम, त्याला कोड कशाला? हातानं लिहिलेले आयपीटेबल्सचे (लिनक्सवर फायरवॉल लावायची जुनी कमांड) नियम वर्षानुवर्षं चालतात. माझ्या स्क्रिप्टमधला नियम जोडणारा लूप चुकीचा आहे, डॉकरचा (प्रोग्राम कंटेनर नावाच्या वेगळ्या डब्यात चालवणारं साधन) पोर्ट, म्हणजे आत यायचं क्रमांकाचं दार, त्या स्क्रिप्टनं बंद होतच नाही. सर्व्हिसनं, म्हणजे सर्व्हरवर चालणाऱ्या प्रोग्रामनं, स्वतःच पोर्ट उघडायचा म्हणजे चोराच्या हाती किल्ल्या. आणि एक चूक झाली की चारही सर्व्हर एकदम बंद.

लूपबद्दल तुम्ही शंभर टक्के बरोबर. माझा लूप प्रत्येक डिप्लॉयला (नवी आवृत्ती सर्व्हरवर चढवताना) तोच नियम पुन्हा शेवटी जोडतो. काल मोजलं तर एका मशीनवर ४४३ पोर्टचा नियम अकरा वेळा होता. ते चाललं असतं एकवेळ, पण यादीतून पोर्ट काढला तरी जुना नियम तसाच राहतो, ही खरी चूक. आता सगळे नियम एका फाइलीत ठेवतो आणि एनएफटेबल्सला (आयपीटेबल्सच्या जागी आलेली नवी यंत्रणा) ती एकदम वाचायला देतो. लागले तर सगळे लागतात, नाहीतर एकही नाही. फाइलीच्या सुरुवातीला फक्त माझं टेबल, म्हणजे माझ्या नियमांचा गट, पुसून नव्यानं लिहितो. अख्खा रूलसेट (मशीनवरचे सगळे नियम) फ्लश करत, म्हणजे पुसत, नाही, कारण आजच्या डेबियन लिनक्सवर आयपीटेबल्सची कमांडही आतून एनएफटेबल्सच वापरते, आणि मग डॉकरचे नियमही त्या झाडूत निघून जातात.

डॉकरचंही खरं आहे, पण ते हातानं लिहिलं तरी तसंच होणार. कंटेनरचा पोर्ट पब्लिश, म्हणजे बाहेरच्यांसाठी खुला, केला की डॉकर पॅकेटचा पत्ता आधीच बदलून टाकतो. मग ते पॅकेट इनपुट चेनकडे (खुद्द मशीनसाठी आलेल्या पॅकेटच्या नियमांची साखळी) फिरकतच नाही, फॉरवर्डमधून (पुढे पाठवायच्या पॅकेटची साखळी) कंटेनरकडे जातं. म्हणजे आपण समोरच्या दाराला कुलूप लावून बसलो आणि पाहुणे अंगणातून मागच्या खोलीत. आयपीटेबल्सच्या भाषेत अडवायचं तर डॉकर-यूझर नावाच्या चेनमध्ये. तिथंही एक मेख आहे: तोपर्यंत पोर्ट बदललेला असतो, म्हणजे बाहेरचा ८०८० आत ८० झालेला दिसतो. मूळ पोर्टवर अडवायचं असेल तर कनेक्शन ट्रॅकिंगला (चालू कनेक्शनची नोंद ठेवणारा भाग) विचारावं लागतं. आणि समोर रिव्हर्स प्रॉक्सी (बाहेरच्या विनंत्या घेऊन आत देणारा प्रोग्राम) त्याच मशीनवर असेल तर पोर्ट १२७.०.०.१ वरच (मशीनचा स्वतःपुरता पत्ता) पब्लिश करा, भानगडच नाही.

किल्ल्यांबद्दल दोष माझ्या शब्दांचा. ‘सर्व्हिस स्वतः पोर्ट उघडते’ असं मी लिहून बसलो. प्रत्यक्षात सर्व्हिसला फायरवॉलला हात लावायचा अधिकारच नाही. तिच्या रेपोत (कोड ठेवायची जागा) चार ओळींची फाइल असते: कोणता पोर्ट, कुठल्या सबनेटसाठी (नेटवर्कवरच्या पत्त्यांचा गट), कशाला. दुसरा माणूस ती वाचून मंजूर करतो, मग रूटखाली, म्हणजे सर्वाधिकार असलेल्या खात्याखाली, चालणारा वेगळा प्रोग्राम त्यातून नियम बनवतो. अर्ज एकाचा, सही दुसऱ्याची.

आता हाताबद्दल. हात माझाही होता, भाऊ. मे महिन्यातली दुपार, मी नागपूरच्या धरमपेठेत, सर्व्हर शहराबाहेर बुटीबोरीच्या एका कारखान्यात. एसएसएचवरून (दुरून सर्व्हरवर काम करायचं कनेक्शन) जुने नियम साफ करावे म्हणून फ्लश मारला. फ्लशनं नियम जातात, पण चेनची पॉलिसी (एकही नियम लागू झाला नाही तर काय करायचं ते) तशीच राहते, आणि इनपुटची पॉलिसी होती ड्रॉप, म्हणजे पॅकेट टाकून द्या. कर्सर तिथल्या तिथं थिजला. तोंडाला दुपट्टा बांधून वर्धा रोडनं स्कूटर हाणली, सर्व्हरला कीबोर्ड लावला आणि एक ओळ टाइप केली. येण्याजाण्यातच दुपार गेली, बाप्पा.

तेव्हापासून नवे नियम लावायच्या आधी टाइमर लावतो: पाच मिनिटांत मी थांबवला नाही तर जुने नियम परत. मग दुसऱ्या टर्मिनलमधून नवीन एसएसएच उघडून बघतो. उघडलेल्या सेशनवर विश्वास ठेवायचा नाही, कारण आधीपासून चालू असलेल्या कनेक्शनला बहुतेक रूलसेट जाऊ देतात. नवं दार बंद असलं तरी आपण आत बसून ‘चालू आहे, चालू आहे’ म्हणत राहतो.

पण मी कोडकडे वळलो ते यासाठी नाही. एका क्लायंटकडे पोस्टग्रेस डेटाबेसचा ५४३२ पोर्ट सगळ्या जगाला उघडा सापडला. कोणी उघडला, कशासाठी, कोणालाच आठवेना. बंद करायची हिंमतही होईना, ‘राहू द्या, कोणाचं तरी काम अडेल’. बहुतेक कोणा व्हेंडरला एका संध्याकाळपुरता दिलेला असणार. पोर्ट उघडायला माणूस फोन करून करून जीव खातो, ‘आता बंद करा’ म्हणून फोन केलेला मी तरी पाहिला नाही. आमच्याकडे आता सर्व्हिसची फाइल गेली की पुढच्या वेळी तिचा नियमही जातो. एका संध्याकाळपुरतं काम असेल तर व्हेंडरचा आयपी चार तासांच्या मुदतीनं एनएफटेबल्सच्या सेटमध्ये, म्हणजे पत्त्यांच्या यादीत, टाकतो. मुदत संपली की कर्नल (लिनक्सचा गाभा) स्वतःच काढतो, मी तेव्हा झोपलेला असलो तरी. ‘पंचवीस-तीसच नियम’ म्हणता, तर त्यातला प्रत्येक का आहे हे आज सांगता येईल का, एवढंच बघा.

राहिली शेवटची शंका: एका चुकीनं चारही सर्व्हर बंद. होऊ शकतं. म्हणून एका वेळी एकच मशीन, तिथला टाइमर सुखरूप थांबवला की मगच पुढचं. आणि बुटीबोरी सगळ्यात शेवटी.