आजी, ते तुझं नाही

आज दुपारी ताईकडे कोथरूडला जेवायला गेले होते, आईही आली होती. जेवणं झाली, आवराआवर झाली, आई सोफ्यावर बसली आणि तिने रिमोट हातात घेतला. ताईकडे नवीन टीव्ही आलाय, भिंतभर. सुरू केला की आधी विचारतो कोण बघतंय, आणि खाली गोल गोल चेहरे, ताईचा, भावजींचा, भाच्याचा, आणि एक आजीचा, भाच्याने कौतुकाने करून दिलेला. आईने भलत्याच चेहऱ्यावर बटण दाबलं, भाच्याच्या. तिथे काहीतरी जपानी लागलं, एक म्हातारा सुतार लाकडाला रंधा मारतोय, एकही खिळा न मारता सांधे जुळवतोय. आई बघायला लागली. चांगली पुढे सरकून, चष्मा नीट करून बघत होती हो. तेवढ्यात भाचा आतून आला आणि म्हणाला, अगं आजी, ते तुझं नाही, थांब तुझं लावून देतो. आणि दिलं लावून. तिचं म्हणजे काय, तर कीर्तनं, गुडघेदुखीवर कोणी डॉक्टर, आणि ती रोज बघते त्या सिरियलचा काल चुकलेला भाग. आईने रिमोट टीपॉयवर ठेवला आणि म्हणाली राहू दे, मी पडते जरा.

पोरगा गुणी आहे, त्याच्यावर राग नाहीये माझा. पण परत येताना म्हात्रे पुलावर अडकले होते तेव्हा डोक्यात तेच चालू होतं, की ह्या बाईने चाळीस वर्षं नोकरी करून घर चालवलं, तिला काय बघावंसं वाटेल हे एक यंत्र ठरवणार आणि आपण सगळे त्याला मान डोलावणार.

आणि आता प्लीज सासू-सुनांच्या सिरियलवर बोलायला येऊ नका. त्या विषयाचा चोथा झालाय. दागिने घालून झोपतात, प्रत्येकाच्या चेहऱ्यावर तीनदा कॅमेरा जातो, विष दुधात घालतात की खिरीत, सगळं बोलून झालंय आपलं. मला वेगळंच खुपतंय.

माझी आजी, म्हणजे आईच्या सासूबाई, माहेरच्या गुहागरकडच्या, लग्न होऊन नारायण पेठेत आल्या त्या वाड्याबाहेर फारशा गेल्याच नाहीत. लकडी पूल ओलांडायचा म्हणजे त्यांना गावाला गेल्यासारखं वाटायचं. वाड्यात टीव्ही एकच, मालकांकडे, लाकडी शटरवाला, ब्लॅक अँड व्हाइट, आणि कौलांवर अँटेना. चित्राला मुंग्या आल्या की मालकांचा थोरला वर चढायचा आणि आम्ही खालून ओरडायचो आलं आलं, गेलं गेलं. सिंहगडावरच्या टॉवरवरून यायचं ना सगळं, तिकडे तोंड करून बसवलेला असायचा तो अँटेना. तर रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक सिनेमा असायचा. आठवतंय ना? कधी बंगाली, कधी कन्नड, कधी आसामी, कधी ओडिया, खाली इंग्रजी सबटायटल्स. बाकी वाडा घोरत पडलेला आणि आजी मालकीणकाकूंच्या सोप्यात भिंतीला टेकून बसलेली, शेजारी मी. आजीला मल्याळम येत नव्हतं, इंग्रजी येत नव्हतं. काय बघायची मग? बघायची! त्यात काय!

एकदा एक मल्याळम सिनेमा होता, 87-88 साल असेल. मालकांचा थोरला एस.पी. कॉलेजला होता, तो खालची अक्षरं वाचून आम्हाला मराठीत सांगायचा. अर्ध्यात त्याला कोणीतरी क्रिकेटला हाक मारली, हा गेला पळून. मग आजीने सूत्रं हातात घेतली. पडद्यावर खाडीकाठी बायका बसून काथ्या कुटत होत्या, आजी एकदम सावरून बसली, अगो बघ, नारळाची सोडणं कुजत घातलीन पाण्यात, हे तर आमच्याकडचंच. आणि मग पुढचा सगळा सिनेमा तिने सांगितला, ही बाई ह्या घरात राबते पण घर हिचं नाही, तो जो माणूस येऊन पैसे मोजतो त्याच्या मनात हिला घालवायचं आहे, बघ आता ती भांडी आवरील आणि जाईल. आणि खरंच, बाईने भांडी पालथी घातली आणि गेली! शेवटी शेवटी थोरला परत आला घामाघूम, वाचून म्हणाला, आजी तो तिचा नवरा नाही हो, भाऊ आहे. आजी म्हणाली, मग मी काय वेगळं सांगितलं, तुला वाचता येतं रे, दिसत नाही.

हे मी आयुष्यात कितीजणांना सांगितलं असेल. तुमच्यापैकी अर्ध्यांनी ऐकलंही असेल, ऐका परत.

कारण मुद्दा हा आहे की तो सिनेमा आजीसाठी नव्हताच. कुठल्याही हिशेबाने नव्हता. आज तिचा गोल चेहरा असता तर त्यात तो सिनेमा कधीही, कध्धीही आला नसता. तिला जन्मभर आरत्या आणि पंचांग दाखवलं असतं आणि आपण म्हटलं असतं तिला तेच आवडतं. तिला तेच आवडतं हे कोणी ठरवलं? जे पुढे ठेवलंच नाही ते आवडेल कसं?

तेव्हा सगळंच असं होतं. आमची माती आमची माणसं घ्या. पेठेतली पोरं आम्ही, आमच्या नावावर तुळशीवृंदावनापुरती माती, पण द्राक्षावरची भुरी आम्हाला पाठ होती. पुढचा कार्यक्रम चुकू नये म्हणून आधीच जाऊन बसायचो आणि मग तो शेतीचा कार्यक्रम गुमान बघावा लागायचा. कंटाळा यायचा? यायचा. भयंकर यायचा. पण फवारणी करणारा माणूस कसा बोलतो, त्याच्या बायकोच्या हाताला काय झालंय, त्याचं कर्ज किती, हे कानावर पडायचं. आज आमच्या सोसायटीच्या ग्रुपवर शेतकऱ्यांबद्दल जे लिहितात लोक ते वाचून मी दोनदा बाहेर पडलेय ग्रुपमधून. आयुष्यात एकदाही न बघितलेल्या माणसाबद्दल काय छातीठोक बोलतात!

रविवारीच दुपारी मूकबधिरांसाठी बातम्या लागायच्या. आमच्या वाड्यात एक दादा होता, बोलता ऐकता येत नव्हतं, छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचा. एरवी बिचारा मागे उभा असायचा, पण त्या बातम्यांना सगळे आपोआप सरकायचे आणि तो पुढे बसायचा. त्या वेळात आवाज करायचा नाही असा नियम होता, आता मूकबधिरांच्या बातम्यांना आवाज करायचा नाही ह्याला काय अर्थ आहे, पण होता. नंतर तो आम्हाला हातवारे करून आणखी काय काय सांगायचा. थोडं कळायचं, थोडं नाही.

सकाळच्या शाळेचे दिवस असतील तर दुपारच्या वेळी यूजीसीचे, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचे, ते कंट्रीवाइड क्लासरूमचे कार्यक्रम. त्यातले काही आपल्या पुणे विद्यापीठातल्या ईएमआरसीत, म्हणजे शैक्षणिक कार्यक्रम बनवणाऱ्या केंद्रात बनायचे, हे मला फार नंतर कळलं. कुठल्यातरी बुरशीवर इंग्रजीत अर्धा तास! ज्याचा कॉलेजशी संबंध नाही अशा बायका पोळ्या लाटता लाटता बुरशी बघायच्या.

आता तुम्ही म्हणाल सरकारी होतं सगळं. होतं. विरोधी पक्षवाल्याचं तोंड शोधून सापडायचं नाही आणि अर्धा वेळ रुकावट के लिए खेद है. मान्य. पुढे.

आणि हे बिघडायला काल सुरुवात नाही झाली. अल्फा मराठी आलं 1999 ला, आपण खूश, मराठीतलं स्वतःचं चॅनल, आभाळमाया काय, प्रपंच काय, घरच्यासारखी माणसं, मीही एक भाग सोडला नाही. पुढच्याच वर्षी ई टीव्ही. तेव्हा वाटलं आता काय, दिवाळी. पण चॅनल वाढली तशी प्रत्येकाने आपापलं गिऱ्हाईक धरलं. बाईला हे, बाप्याला बातम्या आणि मारामारी, पोराला कार्टून, म्हाताऱ्याला भजन. मग ते रेटिंगचं, काही घरांत मीटर बसवायचे, ती घरं काय बघतात त्यावर दर आठवड्याला आकडे काढायचे, आणि आकडा पडला की लेखकाला फोन, आणा हिच्यावर संकट. पाहणारा माणूस म्हणजे मीटरवरचं एक बटण. त्याला नवीन काही दाखवून बघूया असं म्हणायला परवडतंय कोणाला?

2019 ला तो ट्रायचा, म्हणजे टीव्ही-टेलिफोनवाल्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियम आला तो आठवा. 130 रुपये अधिक टॅक्समध्ये शंभर चॅनल, वरची तुम्हाला हवी तेवढीच निवडा, पैसे वाचतील. ग्राहक राजा वगैरे. घरोघर लोक केबलवाल्याशी हुज्जत घालत होते, ते बंगाली काढ, ते कन्नड काढ, आम्ही बघत नाही त्याचे पैसे का देऊ. व्यवहार म्हणून अगदी बरोबर, मी केबलवाल्यांची बाजू घेत नाहीये, त्यांनी आयुष्यभर लुबाडलंय. पण चाळता चाळता मधेच एखादं तमिळ गाणं लागायचं आणि हात थांबायचा, ते गेलं. गंमत म्हणजे त्या शंभरात दूरदर्शनची चॅनल सक्तीची होती, म्हणजे सगळ्या देशाच्या भाषा आपल्या घरात येऊन पडलेल्या, आणि आपण तिथवर आकडा दाबत जाणारच नाही.

ओटीटीवर सगळं जग आहे, मराठी माणूस लॉकडाऊनपासून मल्याळम सिनेमे बघतोय, हे माझ्या नवऱ्याने आत्ताच मागून वाचून सुनावलंय. बघतोय. ज्याला शोधायचं कळतं तो बघतोय. ज्याच्या ऑफिसात कोणी सांगितलं तो बघतोय. माझी आजी काय शोधणार होती? मल्याळम हा शब्द तरी तिला टाइप करता आला असता का, मराठीत सुद्धा? तिच्यापुढे तो सिनेमा आपसूक येऊन उभा राहिला, दुसरं काही लागत नव्हतं म्हणून. दुसरं काही लागत नव्हतं ह्यातच सगळं आलं. आपल्याला ती गैरसोय वाटायची.

आणि खरं सांगू, तिने तो सिनेमा बघितला त्याच्या कितीतरी दिवस नंतर वाड्यात भाडेकरूंच्या मीटिंगला, म्हणजे बिल्डरचं वगैरे सुरू झालं होतं तेव्हा, सगळे पुरुष बोलत होते आणि आजी मधेच म्हणाली, कागदावर सुनांची नावं घाला, नाहीतर ती मल्याळी बाई गेली तशा जातील. कोणाला काही कळलं नाही. मला आणि मालकांच्या थोरल्याला कळलं. तो हसला नाही. माझ्या आईचं नाव आज फ्लॅटच्या कागदावर आहे ते त्यामुळेच, असं मी म्हणत नाही, बाबा तसे सरळच होते. पण आहे.

चला, जरा शांत झाले लिहून.

नाही, अजून एक. हे यंत्र तुमची आवड ओळखतं असं कौतुकाने सांगतात ना, त्यांना विचारा, ओळखतं की कोंडतं. आजी म्हणून गोल केला की त्यात गुडघे आणि देव. मी पन्नाशीला आलेय, मलाही आता पाककृती आणि मेनोपॉज दाखवायला लागलंय. मी एकदा चुकून कुत्र्याचा व्हिडिओ बघितला तर आठवडाभर कुत्रे. अरे, मला माहीत नसलेलं दाखवा ना काहीतरी! भुरी दाखवा, बुरशी दाखवा, जपानी सुतार दाखवा!

भाच्याचा मघाशी फोन येऊन गेला. मी तिथून निघताना जरा तोडून बोलले होते त्याला. म्हणाला मावशी, आजीचा गोल काढून टाकतो, सगळ्यांचा एकच ठेवतो, पण मग माझी मॅच आणि बाबांचं शेअर मार्केट सगळं तिला दिसेल, चालेल का. म्हटलं पळेल. म्हणाला आणि तिची कीर्तनं मला दिसतील. म्हटलं बघ की एखादं, मरत नाहीस.

आता काम. दूरदर्शन सह्याद्रीच्या यूट्यूबवर जुने कार्यक्रम टाकतात, प्रसार भारतीचं वेव्हज नावाचं ॲपही आलंय, पण रविवारचे ते प्रादेशिक सिनेमे मला कुठे एकत्र सापडले नाहीत. मला तो मल्याळम सिनेमा हवाय. नाव माहीत नाही. खाडी, होडी, काथ्या कुटणाऱ्या बायका, पैसे मोजणारा भाऊ, शेवटी ती भांडी पालथी घालून निघते. आजीने सांगितलेली गोष्ट आहे, त्यामुळे निम्मी तिची असेल, तेवढी सूट द्या. केरळात कोणाची ओळख असेल, जुने सिनेमे जपणाऱ्या इथल्या फिल्म अर्काइव्हमध्ये कोणी असेल, तर कळवा, लॉ कॉलेज रोडला तिथे मी स्वतः येईन. आणि रामायण लागलं की रस्ते ओस पडायचे हे कमेंटमध्ये लिहू नका, सगळ्यांना माहीत आहे.